आईचा डोळा, मुलाच्या नावावर

मळ्याचा भोंगा व्हायला अजून अर्धा तास होता आणि लाइनीतल्या सात नंबरच्या खोलीत सासू-सुनेची फवारणीच्या एका पंपावरून ओढाओढ चालली होती.

"आई, द्या इकडे. मुकादमांनी माझं नाव घेतलंय."

"घेऊ दे. तोंड आहे, घेतो. तू आज फळं वेच. पंपाला हात लावायचा नाही."

"का पण?"

सासूने पंपाचा पट्टा खांद्यावर चढवला आणि सुनेकडे तिरप्या नजरेने पाहिलं. "पहाटे मोरीत कोण ओकत होतं? मी की मांजर?"

सुनेने पंपावरचा हात काढला. तिसरा महिना लागला होता आणि तिने अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो बाहेर ओट्यावर लांब बांबूच्या विळ्याला धार लावत बसला होता.

"त्याला सावकाश सांग," सासू हळू आवाजात म्हणाली. "आत्ता कळलं तर उगाच धार चुकेल त्याची."

पंप प्लॅस्टिकचा होता, पाठीवर घ्यायचा. नळी जिथे टाकीला जोडलेली होती तिथे चिंधी गुंडाळलेली होती. तिच्यातून तणाचं औषध झिरपत राही आणि बायकांच्या पाठीवर ओल उतरे. लाइनीतल्या कुठल्याही बाईची पाठ पाहिली तर फवारणीला किती वर्षं झाली ते सांगता येई.

लाइन म्हणजे पामच्या मळ्यातल्या मजुरांच्या घरांच्या रांगा. सासू लग्न होऊन इथे आली तेव्हा पत्र्याच्या शेडी होत्या आणि गुडघाभर चिखल. आता विटांची घरं होती, नळ होते, शाळा होती, मळ्याचा दवाखाना होता. हे सगळं त्या झाडाने आणलं होतं हे कुणीच नाकारलं नसतं. बाराही महिने फळणारं झाड. दुसऱ्या कुठल्याही पिकाला जेवढ्या तेलासाठी कितीतरी एकर लागतील, तेवढं हे एका एकरात देई. गिरणीतून तेल निघे आणि त्याचा साबण होई, बिस्किटं होत, तळणाचे डबे भरत. सासू झाडाच्या बुंध्याला चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावी. मुलाला ती सांगे, "तुझ्या शाळेची पाटीसुद्धा याच झाडाची बरं."

पण मळ्यात एक रीत होती. तिला सगळे 'जोड' म्हणत. घड कापणाऱ्या गड्याचं लग्न झालं की पुढच्या सोमवारपासून त्याने रोज पाडायचे घड जवळजवळ दुप्पट होत. का, असं कुणी विचारत नसे. घड खाली आदळला की त्याची फळं चहूकडे उधळतात, ती वाकून वेचायला आता घरात माणूस आलं, हे सगळ्यांना ठाऊक असे. ते माणूस म्हणजे बायको. हजेरी नवऱ्याची, नाव नवऱ्याचं, कार्ड नवऱ्याचं. शिवाय लाइनीत राहायचं तर घरटी एका बाईने फवारणीला जायचं. तिचं नाव कुठेच नाही. ती होती आणि नव्हती. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, म्हणून याला कुणी वाईटही म्हणत नसे. सून नवी असताना एकदा म्हणाली होती, "मग मी इथे नोकरीला आहे की नाही?" तेव्हा सासू हसली होती. "तू जोडीला आहेस. मीही सव्वीस वर्षं जोडीलाच आहे. आधी त्याच्या बापाच्या, मग त्याच्या."

बाप तीन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला होता.

त्या आठवड्यात मळ्यात नुसती धावपळ होती. गुरुवारी तपासणी होती. समुद्रापलीकडचे मोठे गिऱ्हाईक आता सर्टिफिकेट असल्याशिवाय तेल घेत नव्हते. जंगल तोडून लावलेलं नाही, ओढा नासवलेला नाही, माणसांना नीट वागवलेलं आहे, असा दाखला त्यांना हवा होता. मॅनेजर तरुण होता आणि मनापासून झटत होता. त्याने ओढ्याच्या दोन्ही काठांवर झाडी राखली होती. उंदरांना विष घालणं बंद करून घुबडांसाठी लाकडी पेट्या टांगल्या होत्या. गिरणीचा चोथा बॉयलरमध्ये जाळून वाफ काढत होता. कुठल्या पेटीत किती घुबडं आहेत हे तो झोपेतही सांगू शकला असता. बायका किती आहेत हे मात्र त्याने कधी मोजलं नव्हतं.

तपासणीच्या आधी वाटेवर गवत दिसायला नको, म्हणून त्या सोमवारी घरटी एकेक बाई फवारणीला काढली होती.

दहाच्या सुमाराला सून दोन ओळी पलीकडे फळं वेचत होती. पोत्यात मूठ टाकून ती कंबर धरून उभी राहिली आणि तेवढ्यात तिला सासूचा आवाज आला. किंकाळी नव्हती. "अगं, पाणी... पाणी आण गं," एवढंच.

ती धावली. नळी टाकीपासून निसटली होती आणि औषधाची चिळकांडी थेट सासूच्या तोंडावर आली होती. डावा डोळा दोन्ही हातांनी दाबून ती मटकन खाली बसली होती. जवळ पाणी नव्हतं. ओढा बराच लांब होता. सुनेने स्वतःच्या पिण्याच्या बाटलीतलं होतं नव्हतं तेवढं पाणी डोळ्यावर ओतलं, सासूला धरून उठवलं आणि वाटेला लागली. नवऱ्यानेही विळा टाकला आणि तो मागून धावत आला.

दवाखान्यात कंपाउंडर होता. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. कंपाउंडर भला माणूस होता. त्याने बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करून डोळा धुतला, मलम भरलं, पट्टी बांधली. मग वही ओढली आणि पेन तिथेच थांबलं.

"कार्ड?"

"आईचं कार्ड कुठे आहे," नवरा म्हणाला. "आमचं एकच. माझं."

"कार्ड नाही तर नोंद नाही. नोंद नाही तर औषध कुणाला दिलं म्हणून सांगू?" कंपाउंडरने डोकं खाजवलं. "तुझ्या नावावर घालतो. नेहमी तसंच करतो आम्ही." आणि तो लिहायला लागला: पुरुष, वय चोवीस, डाव्या डोळ्यात फवारा.

"आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी?" सुनेने विचारलं.

"डोळा पांढरा पडत चाललाय. जायला तर आजच हवं. पण चिठ्ठी याच्या नावाची निघणार. तिथे म्हातारीला पाहून विचारतील ना, हा पुरुष कुठाय म्हणून? मुकादमाला विचारा. त्याने स्वतःच्या शब्दावर गाडी दिली तर बघा."

सुनेच्या आत काहीतरी तडकलं. "म्हणजे लागलं यांच्या आईला आणि आजारी हे? उद्या माझं बाळंतपण झालं तर तेही यांच्याच नावावर लिहाल?"

नवऱ्याने मान वळवली. "कुणाचं बाळंतपण?"

खाटेवर आडव्या पडलेल्या सासूने उरलेल्या डोळ्याने वर पाहिलं आणि त्या वेदनेतही पुटपुटली, "म्हटलं होतं ना, सावकाश सांग."

मुकादमाने गाडी दिली नाही. "गुरुवारपर्यंत थांबा," तो म्हणाला. "फवाऱ्याने डोळा गेलेली बाई आत्ता शहरातल्या दवाखान्यात दाखल झाली तर बोभाटा होईल. सर्टिफिकेट गेलं तर गिरणीची चाकं थांबतील. दोनशे घरं आहेत, तुमचं एकट्याचं नाही. तपासणी आटपली की मी स्वतः नेतो. आई म्हणतो मी तिला."

म्हणतही असे तो. ते खोटं नव्हतं.

फाटकावरून शहराकडे दिवसातून एकच बस, तीही सकाळी जाई. मंगळवारी सून सासूला घेऊन, तिचं लुगडं पिशवीत भरून निघाली, तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. गुरुवारपर्यंत लाइनीतल्या बायकांना बाहेर सोडायचं नाही, असं त्याला सांगितलं होतं. ती सासूला घेऊन परत आली. खोलीत बसवेना, बाहेर उभं राहवेना. धुतलेली भांडी तिने पुन्हा धुतली. सासूची पट्टी सोडून पाहिली, परत बांधली. पट्टीखालून पाणी वाहायचं थांबत नव्हतं. सासू कण्हत नव्हती, पण तिच्या बोटांना चैन नव्हतं. चादरीवर ती काहीतरी वेचत असल्यासारखी चालत.

नवरा मंगळवार-बुधवार दोन्ही दिवस घड पाडत होता आणि फळंही स्वतःच वेचत होता. बायकोला त्याने मळ्यात येऊ दिलं नाही. दुपारी तो येई, आईच्या उशाशी उभा राही आणि परत जाई.

बुधवारी संध्याकाळी मुकादम आला. हातात पांढऱ्या पट्टीची गुंडाळी होती.

"उद्या तपासणीला बाई येतेय. मोठी कडक आहे म्हणे. दवाखान्याची वही बघणार, वहीत तुझा डोळा आहे. तेव्हा तू सकाळी डाव्या डोळ्यावर ही बांधून ओट्यावर बसायचं. विचारलं तर फवारा उडाला म्हणायचं, आता बरं आहे म्हणायचं. आणि बायकांनी," तो सुनेकडे न बघता म्हणाला, "सगळ्या लाइनीतल्या बायकांनी दारं लावून आत. एक वाजेपर्यंत. चूल पेटवली तरी चालेल, पण दारात कुणी दिसायला नको."

तो गेला. गुंडाळी नवऱ्याच्या हातात तशीच राहिली.

"अहो, तुम्ही खरंच बांधणार?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"सोमवारीही तीनच दिवसांचा होता."

"मग काय करू? दोनशे घरांचं पाप डोक्यावर घेऊ? हा मळा बंद पडला तर जायचं कुठे? आईनेच तर इथे आयुष्य काढलं ना?"

"म्हणूनच विचारतेय. काढलं कुणी? वहीत तर तुम्हीच आहात."

"भांडू नका रे," खाटेवरून सासू म्हणाली. "बांध बाबा पट्टी. मला काय, सवय आहे."

हे 'सवय आहे' सुनेला झोंबलं. मुकादमाचं बोलणं एवढं झोंबलं नव्हतं. आपल्या पोटातल्या जिवाला मुलगी म्हणून यायचं असेल तर तिलाही हीच सवय लागेल, हे तिला तेव्हा लख्ख दिसलं. ती उठून सासूचं लुगडं पुन्हा पिशवीत भरायला लागली.

गुरुवारी लाइन इतकी शांत होती की नळाचं टपटपणं ऐकू येत होतं. दारं बंद. ओटे सारवल्यासारखे स्वच्छ. साडेदहाला तपासणीसबाई आली. पन्नाशीची, उन्हाची टोपी, चिखलाचे बूट. मॅनेजर तिला राखलेल्या झाडीबद्दल सांगत होता आणि ती कौतुकाने ऐकतही होती. "ओढ्याचं काम फार चांगलं केलंत," ती म्हणाली. मॅनेजरचा चेहरा खुलला. मागून मुकादम येत होता.

सात नंबरच्या ओट्यावर नवरा पट्टी बांधून बसला होता. सून खिडकीच्या फटीतून बघत होती.

"सोमवारी तुम्हालाच लागलं ना?" बाईने विचारलं. "तुम्ही तर घड कापता. मग हातात पंप कसा?"

"त्या दिवशी... माणूस कमी होता."

"रोज किती घड पाडता?"

त्याने आकडा सांगितला. बाईने तो लिहिला नाही. त्याच्याकडे बघत राहिली. "एवढे घड पाडून सुटी फळं कोण वेचतं?"

"मीच."

"आणि या सगळ्या घरांत बायका नाहीत?"

मुकादम हसला. "बाजाराला गेल्यात, बाई. आज बाजार असतो."

कडी वाजली. सात नंबरचं दार उघडलं आणि सून सासूचा हात धरून बाहेर आली. सासूच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. शेजारी बसलेल्या मुलाच्याही डाव्या डोळ्यावर पट्टी होती. मॅनेजरने एकाकडे पाहिलं, मग दुसरीकडे, मग पुन्हा पहिल्याकडे.

"वहिनी, आत जा!" मुकादम ओरडला.

"जाते. यांचं झालं की जाते," सून म्हणाली. ती तपासणीसबाईकडे वळली. "बाई, वहीतला डोळा हा आहे. या माझ्या सासूबाई. सव्वीस वर्षं इथे फळं वेचतात, औषध मारतात. त्यांचं नाव कुठेच नाही, म्हणून चिठ्ठी नाही, गाडी नाही. सोमवारपासून डोळा वाहतोय. सोमवारी पंप माझ्या पाठीवर असायचा होता. मला तिसरा महिना आहे, म्हणून यांनी घेतला."

"ही घरची भानगड आहे, बाई—" मुकादम बोलायला लागला.

"पंप गळतात तेही सांग!" शेजारच्या बंद दाराआडून एक बाई ओरडली. दार उघडायचा धीर तिला झाला नाही, पण आवाज खणखणीत होता. "सगळे गळतात!"

तपासणीसबाई नवऱ्याकडे वळली. "हे खरं आहे?"

त्याने मुकादमाकडे पाहिलं नाही, मॅनेजरकडेही नाही. गाठ सुटेना म्हणून त्याने पट्टी कपाळावरून तशीच ओरबाडून काढली. खालचा डोळा धड होता, फक्त लाल झाला होता.

"आईच आहे ती," तो म्हणाला. "मला काही झालेलं नाही."

मॅनेजरने स्वतःच्या गाडीतून सासूला शहरात नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला आणि एकच विचारलं, "सोमवारीच का नाही आणलंत?" डोळा वाचला नाही.

मळ्याला सर्टिफिकेट मिळालं नाही. सुधारणेसाठी पाच महिन्यांची मुदत मिळाली. दोन गिऱ्हाइकांनी तेल घेणं थांबवलं, गिरणी एका पाळीवर आली. लाइनीतली माणसं सात नंबरवरून जाताना बोलेनाशी झाली. नळावर सून गेली की बायका हंडे घेऊन बाजूला होत. "एका डोळ्यासाठी दोनशे चुली विझवल्या," असं एकीने ऐकू जाईल असं म्हटलं. सून परत येऊन भिंतीला टेकून बसे. आपण चुकलो का, हा विचार तिला दिवसभर टोचत राही.

आठ दिवसांनी मॅनेजर आला आणि ओट्यावर खालीच बसला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"साहेब," सासू म्हणाली, "तुम्ही रोज सकाळी याच वाटेने जाता. आम्ही तिथेच ओणव्या असतो. ओणवं माणूस दिसत नाही का?"

"हा मळा बंद पडायला नको," मॅनेजर म्हणाला. "हे झाड गेलं तर तेलाची गरज काही जाणार नाही. दुसरीकडे कुठेतरी याच्या दसपट जमीन नांगरतील. झाडात दोष नाही हो."

"झाडात आहे असं कोण म्हणतंय?" सून म्हणाली. "आम्हीही त्याच झाडावर जगतोय. पण नुसता ओढा राखून आणि घुबडं पाळून ते टिकायचं नाही. खाली वेचणारं माणूसही टिकायला हवं ना?"

मॅनेजरने मुकादमाला दुसऱ्या कामावर हलवलं. गळके पंप भट्टीत गेले. लग्नानंतर घड वाढवायची रीत बंद झाली. फवारणी वेगळी टोळी करणार, अंगभर कपडे आणि चष्मे घालून, आणि पोटुशी बाई तिच्यात नसणार, असं ठरलं. मग बायकांच्या हजेरीची वही आली, आणि खरी अडचण तिथे निघाली. नवरेच अडून बसले. "बायकोचं नाव वेगळं कशाला? घर एकच आहे ना?" सून फुगलेलं पोट घेऊन दारोदार हिंडली. कुणी पाणी दिलं, कुणी दार लोटून घेतलं. तिच्याबरोबर तिचा नवराही हिंडला. बायकांपेक्षा पुरुषांशी तोच जास्त बोलला. "मी पट्टी बांधून बसलो होतो," तो सांगे, "तुम्ही बसू नका." चौथ्या महिन्यात शेवटचं घर नाव द्यायला तयार झालं. त्या बंद दाराआडून ओरडलेल्या बाईने सर्वांत आधी नाव दिलं होतं.

वाचकहो, या गोष्टीतला मळा कुठे आहे हे विचारू नका. आपल्या मोरीतल्या साबणाच्या वडीत, डब्यातल्या बिस्किटांत त्याचं थोडं तेल असेल. ते वापरू नका असं सांगण्याचा हा खटाटोप नाही. फक्त ते ज्या हातांनी जमिनीवरून वेचलं त्या हातांना एक नाव आहे की नाही, एवढं विचारायची लाज वाटू देऊ नका.

पाच महिन्यांनी तपासणीसबाई पुन्हा आली. पंधरा दिवस आधी पत्र आलं होतं, त्यामुळे पुन्हा ओटे धुतले गेले होते, वाट झाडली गेली होती. या वेळी दारं उघडी होती. बाईने हजेरीची वही पाहिली, पंप पाहिले, बायकांशी एकटीने बसून बोलली. निघताना ती सासूसमोर थांबली.

"अजून काही राहिलंय का, आजी?"

"राहिलंय," सासू म्हणाली. "पुढच्या वेळी सांगून येऊ नका."

मॅनेजर ओशाळून हसला. बाई हसली नाही. तिने वही पुन्हा उघडली.

"आणि ओढ्यापलीकडे दुसऱ्या मालकाचा मळा आहे," सून म्हणाली. तिला आठवा महिना होता, दम लागत होता. "तिथे जोड अजून चालू आहे. तुम्ही गेलात तर तिथल्या बायका दारं लावून घेतील. आधी आम्हाला बोलू द्या त्यांच्याशी."

"तू कुठे जाणार या दिवसांत?" सासूने तिला खाली बसवलं आणि पायात चपला सरकवल्या. "मी जाते. माझ्याकडे बघितलं की त्यांना फार सांगावं लागणार नाही."